नाक पाहणारा कॅमेरा

माझं नाक गरम असतं. थंडीत असतं, उन्हाळ्यात असतं, भांडतानाही असतं. हे मला आईनं कधी सांगितलं नाही, नवऱ्यानंही नाही. साठीच्या घरात आल्यावर एका कॅमेऱ्यानं सांगितलं.

तेव्हा मी दिग्रसच्या एका जिनात कामाला जात होते. शेतातून आलेल्या कापसातली सरकी काढायची आणि रुई वेगळी करायची, एवढंच तिथलं काम. लांब शेडमध्ये मशीनची रांग आणि प्रत्येक मशीनपुढं उंच ओट्यावर एक बाई उभी. मशीनला दोन रूळ असतात. बाईनं मुठीमुठीनं कापूस त्यांच्या तोंडाशी द्यायचा. कापूस अडकला की हात आपोआप पुढं जातो. तो जाऊ द्यायचा नाही, हेच शिकायचं असतं. बाकी त्यात शिकण्यासारखं काही नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते, त्यातलंही काही तिथं लागलं नाही.

ती बोंडअळीची वर्षं होती. चांगला पांढरा कापूस कमीच यायचा. कवडी जास्त. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, चिकट कापूस. तो सरळ आत जात नाही, गोळा होऊन रुळाच्या तोंडाशी बसतो. शेतात नुकसान झालं की लोक शेतकऱ्याकडं पाहतात, ते बरोबरच आहे. पण तीच कवडी पुढं आमच्या हातात येत होती आणि दिवसातून शंभर वेळा अडकत होती. आदल्या हंगामात आर्णीकडच्या एका बाईची दोन बोटं गेली. मशीन अर्धा तास बंद राहिलं. मग कुणीतरी रूळ पुसला आणि परत सुरू केलं.

त्यानंतर शेठला काळजी लागली. बाईची लागली की जिनाच्या नावाची, ते मला ठाऊक नाही. त्याच्या ओळखीचे एक सर होते, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे. थकलेली, ताणातली बाई हात जाण्याआधीच ओळखायची युक्ती आपल्याकडं आहे, असं त्यांनी शेठला सांगितलं. शेठ म्हणाला, करून पाहा. पुढच्या हंगामात, संक्रांत झाल्यावर, सर दोन पेट्या घेऊन आले.

माझ्या शेजारच्या मशीनवर माझी नणंद होती. नवऱ्याची धाकटी बहीण. आम्ही तिला बाई म्हणायचो आणि ती मला भोजाई म्हणायची, आम्हा बंजाऱ्यांच्या गोर बोलीत तसंच म्हणतात. तिचा तांडा दिग्रसच्या त्या अंगाला, माझा या अंगाला. रोज सकाळी जिनाच्या फाटकाशी आम्ही भेटायचो. मीच तिला या कामाला आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला कपाशीवर फवारताना विष चढलं. यवतमाळच्या दवाखान्यात अठरा दिवस होता. जगला. पण डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं आणि माणूस दचकणारा झाला. दिवसभर दारात बसायचा, रात्री दहा वेळा उठायचा, आणि उठला की त्याला धरायला कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे बाई. ती झोपते कधी, हे मी विचारलं नाही. विचारून मी काय करणार होते?

तिचं घर मशीनवरच्या जागेवर चालत होतं. मशीनवरच्या बाईला हंगामभर रोज काम असतं. मशीनवरून उतरवली तर आवारात बसायचं, उन्हात, कापसातला पाला आणि काड्या वेचायला. तिथं मजुरी कमी, आणि गाड्या आल्या नाहीत तर दुपारी घरी पाठवतात. ओट्यावरच्या बायका आवारातल्या बायकांकडं पाहतसुद्धा नसत. मीही पाहत नसे.

सर चाळिशीतले, बारीक, नाकावर रुमाल धरून बोलणारे. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या नोकऱ्या. कापूस त्यांनी उशीत पाहिला असेल. पण माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवशी आम्हाला बसवून त्यांनी नीट समजावलं.

"माणसावर ताण आला की नाकाचं टोक गार पडतं. अगदी थोडं. हाताला कळत नाही, पण या कॅमेऱ्याला कळतं. हा रंग पाहत नाही, उष्णता पाहतो."

"आन् नाक वाहत असंल तं?" मागून एकीनं विचारलं.

"सर्दी झाली असेल तर तसं सांगायचं."

"आमाले तं दिवाळीपासून होळीपर्यंत सर्दीच राह्यते, सर. रुईची."

सर ते लिहून घ्यायला लागले. सगळ्या हसल्या. मग त्यांनी सांगितलं की नाकातली फुली काढून ठेवावी लागेल, कारण धातूमुळं मोजमाप चुकतं. हसणं थांबलं. माझ्या मागं बसलेली म्हातारी म्हणाली, "नवरा मेला की फुली काढते आमच्यात. तुमचा कॅमेरा थांबल का तवरीक?"

सर लाल झाले. त्यांना राग आला नव्हता, लाज वाटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावला, जिथून फुली दिसत नाही. त्या दिवसापासून तो माणूस मला बरा वाटायला लागला. मी विधवा, माझ्या नाकात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्यापासून सुरुवात केली. त्यांच्या दुसऱ्या पेटीतला कॅमेरा कपाळाच्या कातडीवरून काळजाचे ठोके मोजायचा म्हणे. माझ्या कपाळावर लहानपणी गोंदलेलं आहे, त्यामुळं त्याला माझं कपाळ वाचता येईना. नाक मात्र दोन्ही बाजूंनी मोकळं होतं.

पहिली खरी तपासणी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. सर एवढंच म्हणाले होते, "उद्या कामाआधी सगळ्यांचे फोटो." आता फोटो म्हटल्यावर बाई जशी असते तशी कशी उभी राहील? सगळ्यांनी माठातल्या पाण्यानं खसाखसा तोंड धुतलं. थंडीचे दिवस, पाणी असं की दात वाजावेत. कुणी पावडर लावली. आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर सगळ्यांनी श्वास रोखून धरला, कारण फोटो काढताना हलायचं नसतं. सरांच्या पडद्यावर अठराच्या अठरा नाकं निळी. निळं म्हणजे गार. गार म्हणजे ताण.

जिनाचा दिवाणजी सरांच्या खांद्यावरून पाहत होता. हजेरी, माल, माणसं, सगळं त्याच्याच हातात होतं. तो म्हणाला, "सगळ्याच? मंग मशीन काय तुमी चालवता, सर?"

सरांना कारण कळायला दुपार झाली. मग नियम झाला. पाणी नाही, पावडर नाही, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायचा, बाकावर थोडा वेळ स्वस्थ बसायचं आणि मग उभं राहायचं. नेहमीसारखा श्वास घ्यायचा. नेहमीसारखा श्वास घे असं सांगितल्यावर तो घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दोनचार दिवसांत नाकं वेगवेगळी दिसायला लागली. कुणाचं पिवळं, कुणाचं हिरवं, कुणाचं निळं. माझं लाल. सर पडदा वळवून दाखवायचे. मी पाहायचे. विटेच्या रंगाचं एक टोक, माझ्या तोंडाच्या मधोमध.

"मावशी, तुम्हाला कसली चिंता नाही का?"

"हाय ना."

"मग नाक गरम कसं?"

"तुमालेच माहीत. मशीन तुमचं हाय."

सरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं की ही यादी फक्त अभ्यासासाठी आहे, यामुळं कुणाचं काम जाणार नाही. त्यांना तसंच वाटत असावं. पण यादी रोज दिवाणजीच्या टेबलावर जायची. दिवाणजीनं विचार केला की निळ्या नाकाची बाई मशीनवर ठेवली आणि बोट गेलं, तर शेठ म्हणेल, तुला आधी माहीत होतं. म्हणून ज्यांचं नाक निळं, त्या त्या दिवशी आवारात. आठवडाभरात सगळ्या बायकांना हे कळलं. मग नाक निळं येण्याच्या भीतीनंच नाकं निळी पडायला लागली. माझ्या पलीकडची एक कुणब्याची बाई रोज बाकावर बसून पुटपुटायची, "गरम राह्य बापा, गरम राह्य," आणि रोज आवारात जायची.

त्याच सुमाराला काम सोडून गेलेल्या एकीच्या जागी पुसदकडच्या तांड्यातली एक बाई नवीन कामाला आली. नात्यानं माझी मावसबहीण. सातआठ वर्षांनी भेट झाली. आमच्यात बाया इतक्या दिवसांनी भेटल्या की आधी बोलत नाहीत. गळ्यात पडून रडतात. नुसतं हुंदके देऊन नाही, चालीवर रडतात. आई कधी गेली, भाऊ कधी गेला, तू किती दिवस आली नाहीस, सगळं त्या चालीत सांगायचं. सांगून झालं की डोळे पुसायचे आणि मग, काय व, कशी हायेस, चहा घेशील का. मला हे रडणं चांगलं जमतं. तांड्यातल्या लग्नात मुली मला विचारायला यायच्या, कसं रडायचं म्हणून. त्यात दुःख असेलच असं नाही. दुःख असलं तर त्याचीही सोय होते.

तर आम्ही दोघी कापसाच्या गंजीच्या आडोशाला मनसोक्त रडलो, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याची घंटा झाली. मी तशीच गेले. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. सर घाबरले. "मावशी, आज राहू द्या," म्हणाले. मी म्हटलं, घ्या. पडद्यावर माझं नाक इतकं लाल की सरांनी कॅमेरा पुसला. माझ्या मावसबहिणीचंही लाल. सर कितीतरी वेळ डोकं खाजवत बसले.

"तुम्ही रडत होता आणि हा म्हणतो, तुम्ही सगळ्यात निवांत आहात."

"रडून झालं की बरं वाटते, सर. मंग कायचा ताण?"

हे बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून घंटेच्या आधी गंजीमागं बाया दोघी दोघी गळ्यात पडायला लागल्या. आमच्या तांड्याच्या बायांना अवघड नव्हतं. बाकीच्या माझ्याकडून शिकल्या. त्या कुणब्याच्या बाईला चाल काही धरता येईना. ती रेडकासारखी हंबरायची आणि मधेच हसायची. पण नाक तिचंही गरम निघालं आणि ती ओट्यावर चढली. मग सर्दी झालेल्या घोळक्यासारख्या आम्ही सगळ्या नाक ओढत रांगेत उभ्या राहायचो. सर दिवसेंदिवस खूश. दिवाणजीला म्हणाले की बायांना मोजणीची सवय झाली, ताण उतरला. रोज सतरा नाकं पिवळी, लाल.

निळं राहिलं ते एक. बाईचं, माझ्या नणंदेचं.

ती पाच दिवसांत चार दिवस आवारात बसली. माझ्या शेजारच्या मशीनवर दुसरी कुणीतरी यायची. सहाव्या दिवशी सकाळी फाटकाशी तिनं माझा हात धरला.

"भोजाई, मले रडव."

"रड ना मंग. कोण अडवते?"

"येत नाई."

मी तिला गंजीमागं नेलं. गळ्यात घेतलं आणि सुरू केलं. तिच्या आईचं नाव घेतलं. तिच्या भावाचं घेतलं, म्हणजे माझ्याच नवऱ्याचं. तो तिला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा, ते सांगितलं. तिचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला, तेही सोडलं नाही. माझे डोळे वाहायला लागले. ती खांबासारखी उभी होती. तिचं तोंड माझ्या मानेला लागलं होतं आणि नाकाचं टोक असं गार की मला कॅमेऱ्याची गरज नव्हती.

"होऊन राह्यलं का?" तिनं विचारलं. जसं डॉक्टरला विचारावं, सुई टोचून झाली का.

"नाई."

"अजून कर."

मी अजून केलं. घंटा झाली. ती निळीच निघाली.

मी तीस-चाळीस वर्षं बाया रडताना पाहिल्या आहेत. कुणाला येत नाही, असं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मशीनवर मी विचार करत होते आणि मला पटत गेलं की तो कॅमेरा आम्हा सतरा जणींबाबत मूर्ख बनला, पण हिच्याबाबत तो खरं बोलतो. मला ते आवडलं नाही. मी कुणाला बोलले नाही.

दोन दिवसांनी बाई माझ्या शेजारी मशीनवर आली. मी विचारलं, कसं काय. तिनं दुपट्टा खाली ओढून नाक दाखवलं. अंगठ्यानं घासून घासून सोलवटून लाल केलं होतं. बाकावर बसायच्या वेळात भिंतीकडं तोंड करून ती घासत बसायची. सरांना वाटलं प्रार्थना करते.

"कॅमेऱ्याले काय समजते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बरं केलं." हेच म्हटलं. खोटं कशाला सांगू? तिची जागा तिला मिळाली होती, आणि माझ्या शेजारी माझं माणूस आलं होतं.

त्यानंतर तीनेक दिवस गेले. दुपारची वेळ, जेवण झालेलं, शेड तापलेली. रुईचा भुरका इतका की चौथ्या मशीनपलीकडचं दिसत नव्हतं. त्या दिवशी माल सगळा कवडी. माझं मशीन दोनदा अडलं. मी काडीनं मोकळं केलं आणि बाजूला पाहिलं. बाईचंही अडलं होतं. तिनं काडी घेतली नव्हती. ती मशीनकडं पाहतही नव्हती. डोळे उघडे, समोरच्या भिंतीवर. आणि तिचा उजवा हात गोळ्याला ढकलत ढकलत पुढं चालला होता, आपल्या आपण, पोळपाटावर पीठ सारावं तसा.

मी हाक मारली नाही. मशीनच्या आवाजात ऐकू गेली नसती. मी वाकून तिचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. दोघी ओट्यावर आपटलो. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या. तिचं मनगट कापलं, माझा तळवा कापला. गोळा रुळात गेला आणि मशीन पुढं चालू राहिलं.

तिनं आधी बोटांकडं पाहिलं नाही. मनगटाकडं पाहिलं. उघडं मनगट.

"बांगड्या फोडल्या तू," ती म्हणाली. "माहा नवरा जिता हाये, भोजाई. बांगड्या काहून फोडल्या?"

"बोटं पाह्य तुह्ये."

"काहून फोडल्या?"

आसपासच्या बाया आल्या. कुणीतरी हळद आणली. एकीनं स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिच्या हातात सारल्या, तेव्हा ती गप्प झाली. थोड्या वेळानं उठून परत मशीनपुढं उभी राहिली. मीही उभी राहिले. दिवाणजीला कुणी सांगितलं नाही. कुणी सांगतही नसतं.

सुट्टी झाल्यावर मी सरांकडं गेले. ते पेटीत वायरी गुंडाळून ठेवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. रडणं सांगितलं, चाल सांगितली, नाक घासणं सांगितलं, दुपारचं सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे तीन आठवड्यांची मोजणी वाया गेली."

"हो."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं, मावशी?"

"तुमी आमाले रडून आल्या का म्हून इचारलं नाई."

मग मी म्हटलं, "माह्या नणंदेचं नाक पहिल्यापासून निळं होतं. ते बरोबर होतं. तिले मशीनवरून उतरवा."

"मी कुणाला उतरवू शकत नाही. माझं काम फक्त मोजायचं." त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू का? मला वाटलं होतं, ज्यांचं नाक निळं येईल त्यांना विश्रांती देतील. चहा देतील, तासभर बसवतील. मी शेठला तसं लिहूनही दिलं होतं."

"मंग?"

"मग काही नाही. त्यांनी वाचलं की नाही, माहीत नाही."

मला त्यांचा राग आला नाही. मला इतकंच वाटलं की हा माणूस शिकलेला आहे, पेट्या महागाच्या आहेत, आणि नाक गार आहे हे कळल्यावर पुढं काय करायचं हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेच्या आधी मी दिवाणजीकडं गेले. त्याला रडण्याचं सांगितलं नाही, नाहीतर सगळ्याच गेल्या असत्या. फक्त म्हटलं, माझ्या नणंदेला मशीनवर ठेवू नका, तिचा हात पुढं जातो.

"तुह्यीच नणंद ना?" तो म्हणाला. "भांडण झालं काय?"

"नाई."

"पाह्य बाप्पा. एकदा उतरवली तं या हंगामात परत चढवत नसतो मी. रोज रोजचं नाटक नको."

"हव."

"तिले माहीत हाये?"

"तुमी सांगा."

त्यानं माझ्यासमोरच तिला बोलावून सांगितलं. माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, म्हणजे त्याच्यावर काही यायला नको. बाईनं मला एकदा पाहिलं. शिवी दिली नाही. दिली असती तर मला जड गेलं नसतं. ती आवारात जाऊन बसली, आणि मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी कुणाच्या गळ्यात पडले नव्हते.

सरांनी पडदा माझ्याकडं वळवला नाही. मीच पलीकडं जाऊन पाहिलं. माझं नाक निळं होतं.

"हे मी आज लिहीत नाही," सर म्हणाले.

"लिवा. मोजलं तं लिवा."

त्यांनी लिहिलं. दिवाणजीनं मला दोन दिवस आवारात पाठवलं. मी बाईपासून चार हातांवर बसून काड्या वेचल्या. ती पाठ करून बसली. आवारात ऊन लागतं, पण आवाज नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी, कापसावर कलून, झोपली. तोंड उघडं, हातात काडी. मी तिच्या वाट्याचंही वेचलं. जागी झाल्यावर तिनं ढीग पाहिला आणि माझ्याकडं न पाहता उचलून नेला.

सर होळीच्या आत पेट्या घेऊन गेले. जाताना सगळ्यांना नमस्कार केला. त्यांच्या कामाचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. कॅमेरा गेल्यावर गंजीमागचं रडणंही बंद झालं. ती कुणब्याची बाई म्हणायची, "सकाळी रडून घेतलं तं दिवस चांगला जाये व." पण उगाच कोण रडणार? कामाला उशीर होतो.

बाई पुढच्या हंगामात जिनात आली नाही. घर कसं चाललं, हे मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. कधी शेळ्या विकल्या, कधी लेकीनं काही पाठवलं. तिनं तांड्यात सांगितलं होतं की भोजाईनं माझी जागा घालवली. ते खोटं नव्हतं. कुणी मला विचारलं तर मी हो म्हणायचे. बोटांचा विषय मी काढत नसे. न गेलेली बोटं दाखवता येत नाहीत.

अडीच वर्षांनी माझ्या पुतण्याचं लग्न निघालं. ती आत्या, तिला यावंच लागणार. मी मांडवाच्या बाजूला चुलीपाशी होते. ती आली, हातात पिशवी, मागं नवरा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. म्हातारी झाली होती. मीही झाले होते. बाया आमच्याकडं पाहत होत्या, आता काय होते म्हणून. पण रीत रीतच असते. न बोलणाऱ्या बायांनाही गळ्यात पडावं लागतं, आणि थोरली आधी पुढं होते. मी कढईखालचं लाकूड ओढलं, हात पदराला पुसला आणि पुढं गेले.

मी चाल धरली. तिच्या भावाचं नाव घेतलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज आला. बसका, फाटका, पण चालीवर. मग वाढत गेला. तिनं तिच्या दारात बसलेल्या माणसाचं सांगितलं, विकलेल्या शेळ्यांचं सांगितलं, आणि मग 'माझ्या बांगड्या फोडणाऱ्या भोजाई' असं म्हणून माझंही सांगितलं. सगळ्या मांडवानं ऐकलं. चालीत कुणाला काहीही बोलता येतं, त्यावर उलटून बोलायचं नसतं. मी ऐकून घेतलं. तिचं नाक माझ्या मानेवर होतं आणि गरम होतं. रडल्यावर ते गरम होतंच, त्याचं मला काही वाटलं नाही.

पण रडताना तिनं मला घट्ट धरलं होतं आणि तिची नखं माझ्या पाठीत रुतत होती. पोलक्यातून लागत होती. मी मनातल्या मनात मोजली. दहा.